लाल घळीतलं हाड

"हाड काय आपल्या पायांनी चालत गेलं का मग?" मोरेना मातुमेलोने विचारलं, तशी चावडीपुढे बसलेली माणसं हसली. मोखेथी तेवढा हसला नाही.

घळीतल्या खोदकामाचा राखणदार तो, आज मधोमध उभा होता. गवताची टोपी छातीशी धरलेली, खांद्यावरचं ब्लँकेट एका अंगाने घसरलेलं. ऑगस्टचा हिवाळी वारा डोंगरावरून धूळ आणत होता आणि हा-लेत्लात्सा गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत सारखीच टाकत होता, खरं बोलणाऱ्याच्या आणि खोटं बोलणाऱ्याच्याही.

"पावसानं नेलं असेल, मोरेना. यंदा घळ काठोकाठ वाहिली."

"पाऊस हाड नेतो, न्ताते. कुदळीचे वण ठेवून जात नाही." न्ताते म्हणजे बाबा; मानाचा शब्द तिने सोडला नाही. नवरा गेल्यापासून गावाचा कारभार मातुमेलोकडे होता. बाई असली तरी गाव तिला मोरेना, म्हणजे पाटीलच, म्हणे, आणि त्या खुर्चीत बसली की ती कुणाची वहिनी नसे की कुणाची मावशी. "पुलेंग, तू सांग गं परत. मागच्यांना ऐकू नाही आलं."

पुलेंग उठली. राजधानीहून, मासेरूहून आलेली शिकलेली पोर. विजार घातलेली, पण मोरेनापुढे यायचं म्हणून वरून ब्लँकेट गुंडाळलेलं. तेवढ्यावर गावच्या बायकांनी तिला निम्मं माफ केलं होतं.

"गेल्या हिवाळ्यात आम्हाला घळीत एका प्राण्याचं मांडीचं हाड सापडलं," ती म्हणाली. "डायनासोरचं. हे डोंगर व्हायच्या आधीचा तो. यंदा पुढं खणत गेलो. बरगड्या मिळाल्या, खांदा मिळाला. खांद्यापासून हात कडेच्या भिंतीत शिरत होता. त्याच्या मागानं आम्ही भिंतीच्या पलीकडं निघालो, तुम्ही बायका सारवायची माती खणता तिथं. आणि तिथं नुसती खळी. खांद्यापासून कोपरापर्यंतचं हाड कुणीतरी काढून नेलंय."

"एवढा मोठा प्राणी," मागून कुणीतरी म्हणालं, "एका हाताविना त्याचं काय लगीन अडलंय?"

"लग्न नाही, बारसं अडलंय," पुलेंग म्हणाली. "असला प्राणी आजवर कुणी पाहिलेला नाही. नाव द्यायचं तर आधी तो चालत कसा होता ते सांगावं लागतं. याचे पूर्वज दोन पायांवर पळायचे. याच्या पुढच्या पिढ्या चार पायांवर चालल्या, घरापेक्षा मोठ्या झाल्या. हा मधला. हातांवर अंगाचा भार घेत होता की नाही, ते त्या एका हाडाच्या जाडीवरून कळणार."

"माझ्या बापाच्या वेळी गोऱ्यांनी पेट्या भरभरून हाडं नेली," मोखेथी एकदम म्हणाला. "तेव्हा चोर म्हणून कुणाला उभं केलं होतं का, मोरेना?"

"तेव्हा राखणदार नव्हता. आता आहे." मातुमेलोने काठी मातीत टेकली. "सरहद्दीपलीकडं असल्या हाडांना गिऱ्हाईक आहे म्हणतात. रविवारपर्यंत हाड इथं यावं. नाहीतर सोमवारी पोलीस येतील, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही जाल, न्ताते." मग तिची नजर बायकांकडे वळली. "मापोलोको, तू तिथलीच माती आणतेस ना गं?"

सगळ्या माना मापोलोकोकडे वळल्या.

"माती आणते, मोरेना. हाडं कशाला आणू? हाडांनी भिंती सारवत नाहीत."

बायका हसल्या. मापोलोकोने ब्लँकेटची पिन घट्ट केली. नखांच्या कडांना बसलेली ती लाल माती कितीही धुतली तरी जात नसे.

हाड तिने नेलं होतं.

*

गावातल्या भिंती मापोलोको सारवायची. शेणात लाल माती कालवायची, वरून पांढरी, आणि ओलं आहे तोवर बोटांनी आणि काट्याने नक्षी ओढायची. नांगरटीचे तास, ज्वारीची कणसं, एकमेकींकडे पाठ केलेल्या पानांच्या जोड्या. पाऊस यायचा, धुऊन न्यायचा. ती पुन्हा ओढायची. पावसावर तिचा राग नव्हता.

राग होता तो मोखेथीवर.

तिचा नवरा सेखोबे तरुणपणी सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत गेला आणि परत आली ती त्याची पत्र्याची पेटी. पेटी मोखेथीने आणली. दोघे एकाच पाळीत कामाला होते. मोखेथीने सांगितलं, छत खाली आलं, माणसं आत राहिली, खाणवाल्यांनी तो बोगदाच बुजवून टाकला. पण खाणीकडून ना कुणी आलं, ना निरोप. सेखोबेची बहीण मानेओ म्हणाली, "खोटं आहे. माझा भाऊ तिकडं खाणीच्या गावी, वेल्कोमला आहे, कुणा बाईच्या घरात. त्यानंच ह्याला शिकवून पाठवलंय." खाणीत जाऊन तिकडेच रमलेल्या माणसासाठी आमच्याकडे वेगळा शब्द आहे, आणि तो शब्द मेलेल्याला लावत नाहीत. गावाने तो सेखोबेला लावला. त्यामुळे घरात कुणी डोकं भादरलं नाही, मापोलोकोला विधवेचं काळं कापड मिळालं नाही, थडगं झालं नाही. लेक पोलोको मोठी झाली, मासेरूला कपड्यांच्या कारखान्यात लागली. मापोलोको तिथेच राहिली, ना नवऱ्याची, ना बिननवऱ्याची.

आणि मोखेथी कुणाच्याही घरात आला की दाराशीच बसे, दार पायाने उघडं धरून. बाहेर बर्फ पडत असलं तरी. ते पाहून मापोलोको मनात म्हणे, दाराशी बसणाऱ्याला पळून जायचं असतं.

मार्चात पाऊस ओसरल्यावर ती मातीला गेली, तेव्हा घळीच्या ओल्या भिंतीतून ते डोकावत होतं. माणसाच्या मांडीएवढं लांब, टोकाला गोलसर. पुलेंगचं खणणं भिंतीच्या अलीकडे, दगडांनी झाकलेलं. त्याच्याशी याचा काही संबंध असेल हे तिच्या मनातही आलं नाही. घळी जुनी थडगी खातात हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. आणि उघड्यावर पडलेलं माणूस झाकायचं, मग ते कुणाचंही असो, हेही ठाऊक. तिने कुदळ बाजूबाजूने चालवली, त्याला लागू नये म्हणून. उचलताना ते दगडासारखं जड लागलं. तिला वाटलं, किती वर्षं माती प्यालंय बिचारं, जड होणारच.

अंगावरच्या ब्लँकेटात गुंडाळून तिने ते घरी आणलं. गोठ्याच्या दगडी भिंतीलगत, सासूसासऱ्यांच्या थडग्यांशेजारी, लहान खड्डा केला. आपल्या मेलेल्या माणसाला बसवून पुरतात तसं ते ब्लँकेटासकट उगवतीकडे तोंड करून उभं ठेवलं. ब्लँकेटाच्या घडीत ज्वारीचे दाणे टाकले, भोपळ्याच्या बिया टाकल्या, हरळीची मुळी टाकली. रडणाऱ्या बायका नव्हत्या, म्हणून स्वतःच पुटपुटली:

*कुणाच्या का होईना पोटचा तू,*
*कुणाच्या का होईना चुलीचा तू,*
*माझ्या हातची माती तुझ्या अंगावर,*
*परक्या हातची माती त्याच्या अंगावर.*

तो म्हणजे कोण, ते तिने म्हटलं नाही. जिवंत असेल तर त्याला शाप लागायला नको.

मानेओने दगडांचा ढीग पाहिला नि विचारलं, "हे काय गं?"

"कुत्रं पुरलंय."

पण पुढे एक दिवस त्या ढिगावर एक पांढरा दगड दिसला. नदीतला, गुळगुळीत. तिने ठेवलेला नव्हता. काही दिवसांनी आणखी एक. कुणालातरी ठाऊक होतं. तेव्हापासून पाणवठ्यावर कुणी "कशी आहेस, म्मे?" असं आईच्या मानानं विचारलं तरी ती आधी विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायची, मग उत्तर द्यायची.

*

चावडीवरून परतताना मानेओ सोबत होती.

"मोखेथीच चोर," मानेओ म्हणाली. "ज्यानं माझ्या भावाचं खरं विकलं, तो हाड सोडेल होय? बरं झालं. त्याला नेऊ देत पोलीस."

बरं झालं, असं मापोलोकोच्याही मनाचा एक कोपरा म्हणत होता. न केलेल्या चोरीपायी का होईना, त्याला कुणीतरी धरलं होतं.

पण दुसरा कोपरा वेगळंच कुजबुजत होता. ही पुलेंग तरी खरं बोलते कशावरून? माणसालाच जनावर म्हणाली, पेटीत घालून घेऊन गेली, तर कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मातीची पाटी डोक्यावर घेऊन ती घळीत उतरली.

"खोत्सो, म्मे," पुलेंगने हातातला ब्रश खाली ठेवला.

"खोत्सो. मला एक सांग. माणसाचं हाड नि जनावराचं हाड, ओळखता कसं? का तुम्ही म्हणाल ते जनावर?"

पुलेंग रागावली नाही. "संशय घ्या, म्मे. माझं निम्मं काम तेच आहे." तिने ताडपत्री बाजूला केली. मातीत मांडीचं हाड आडवं पडलेलं होतं, पाळण्याएवढं. "हा माणूस असता तर तुमच्या दारातून वाकून आला नसता. छप्पर उचलून आला असता."

मापोलोकोला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. घरी, उगवतीकडे तोंड करून, सासूच्या शेजारी तिने काय बसवलं होतं!

"मेला कसा हा?"

"पूर आला असावा. चिखलात रुतला, वरून गाळ बसला. सगळं अंग एका जागी आहे. कुणी ओढलं नाही, तोडलं नाही."

"म्हणजे नदीनं पुरला."

"हो. नदीनंच पुरला."

"बी नाही टाकलं कुणी," मापोलोको स्वतःशी म्हणाली.

"काय, म्मे?"

"काही नाही."

भिंतीला वळसा घालून पुलेंगने तिला ती खळी दाखवली. "हे बघा. हाड गेलं, पण मातीनं त्याची जागा धरून ठेवलीय. हाडाला उंचवटा होता तिथं मातीत खड्डा आहे. हाड समोर नसलं तरी इथं ते होतं, आणि याच प्राण्याचं होतं, एवढं मी शपथेवर सांगू शकते. त्याचा ठसा दुसऱ्यावर राहिलाय ना. फक्त जाडी सांगता येत नाही. कडा ढासळल्या."

मापोलोकोने खळीत हात घातला. आत गार होतं. कडेला तिच्याच कुदळीचे वण.

"ज्यानं नेलं त्यानं जपून नेलंय," पुलेंग हळूच म्हणाली. ती खळीकडे बघत होती की मापोलोकोच्या नखांकडे, कळेना. "एक घाव हाडावर पडू दिलेला नाही. विकणारा इतकं जपत नाही."

"हे मोरेनाला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाल्या, चोरही जपूनच चोरतात."

*

ती घराच्या वाटेला लागली तेव्हा लांबूनच दिसलं. गोठ्याच्या भिंतीशी कुणीतरी वाकलं होतं. टोपी काढून बाजूला ठेवलेली. हातात पांढरा दगड.

"तूच का तो!" मापोलोको म्हणाली.

मोखेथी दचकला, पण पळाला नाही. दगड ढिगावर नीट बसवला, मगच उभा राहिला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"मार्चापासून. वरून शेरडं वळत होतो. तुला ब्लँकेट पुरताना बघितलं."

"मग चावडीवर गप्प का राहिलास? सोमवारी तुला नेणारेत!"

मोखेथी तिच्याकडे बघत राहिला. "त्या हाडाचा नि सेखोबेच्या थडग्याचा काय संबंध?"

मापोलोकोने ढिगाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मला वाटलं," मोखेथी टोपी हातात फिरवत म्हणाला, "शेवटी तू माझं खरं मानलंस. देह मिळाला नाही की माणसाचं ब्लँकेट पुरतात, तसं त्याचं पुरलंस, आणि मानेओच्या भीतीनं कुणाला सांगितलं नाहीस. म्हणून मीही नाही बोललो. इकडून जाताना एखादा दगड ठेवायचो, एवढंच. इतक्या वर्षांत एका माणसानं तरी मानलं, म्हटलं."

मापोलोकोने मातीची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आत चल. आंबील आहे."

तो आत आला. दाराशीच बसला, पाय दाराला लावून. धूळ आत येऊन आंबिलीच्या भांड्यात पडायला लागली. नेहमी ती मनातल्या मनात चरफडायची. आज तिने विचारलं.

"दार का धरून बसतोस रे?"

तो ओशाळला. "उगीच. म्हातारपणाचं वेड."

"तेव्हा तू म्हातारा नव्हतास. पेटी घेऊन आलास त्या दिवशीही असाच बसला होतास."

त्याने वाटीतली आंबील बोटाने ढवळली. "दार लागलं की छत खाली येतंय असं वाटतं. येत नाही, ठाऊक आहे. पण पाय ऐकत नाही."

"सांग मला. सगळं परत सांग."

"तेव्हा सांगितलं की."

"तेव्हा मी ऐकलं नव्हतं."

"सांगण्यासारखं फार नाही, मापोलोको. मी पुढं, तो मागं. पाळी संपली होती. मी गाणं म्हणत होतो, ते चुकलं. तर तो हसायला लागला. त्याचं हसू ठाऊक आहे ना तुला, सुरू झालं की थांबायचं नाही." मोखेथीने वाटी खाली ठेवली. "अर्ध्यात थांबलं."

बाहेर शेरडं बेंबटत होती. मापोलोको त्याच्या पायाकडे बघत होती, दाराला टेकलेल्या, चुकूनही न हललेल्या. सकाळी खळीत घातलेल्या हाताला अजून तो गारवा होता.

"मोखेथी," ती म्हणाली, "त्या ढिगाखाली सेखोबेचं ब्लँकेट नाही. ते हाड आहे. मला वाटलं कुणाचं तरी माणूस. मी इथं परक्यावर माती टाकली तर त्याच्यावर तिथं कुणीतरी टाकेल, असं वाटलं. तुझं मी मानलं नव्हतं. आत्तापर्यंत नाही."

मोखेथीने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"म्हणजे माझे दगड..."

"जनावरावर."

मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. तो हसत होता. "सेखोबे असता तर," तो डोळे पुसत म्हणाला, "हसून हसून मेला असता."

"मी मोरेनाकडं जाते."

"हसतील तुला सगळे."

"हसू देत."

*

शनिवारी गोठ्याशी अख्खं गाव जमलं. मापोलोकोने दगड स्वतः उचलले, माती स्वतः उकरली. पुलेंगला फक्त शेवटी वाकू दिलं. ब्लँकेट उलगडलं तेव्हा हाडाला दाणे चिकटलेले होते. काहींना अंधारातच कोंब आले होते, फिकट, आणि तसेच वाळून गेले होते.

"जनावराला बियाणं!" कुणीतरी म्हणालं. "वर जाऊन पेरणी करणार होता वाटतं!"

हशा उसळला. मापोलोकोने मान खाली घातली नाही. मोरेनाने काठी आपटली.

"उघड्यावरचं झाकलं, यात चोरी कुठली? तुमच्यातल्या कुणी झाकलं असतं?" मग तिने मोखेथीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "न्ताते, चावडीनं तुमच्यावर आळ घेतला. चावडी तो मागं घेते."

पुलेंगने हाडाभोवती मापाची फीत गुंडाळली. पुन्हा गुंडाळली. तिचा चेहरा बदलत गेला.

"मासेरूला नेऊन नीट तपासावं लागेल," ती म्हणाली, पण आवाज आवरत नव्हता. "पण घेत होता. हातांवर भार घेत होता."

"म्हणजे चार पायांचा?"

"पुरता नाही. घाई असली की दोन, थकला की चार, असं काहीतरी. शिकत होता तो."

"माझ्यासारखंच की मग त्याचं," मोरेना काठीवर रेलून म्हणाली.

माणसं पांगायला लागली. कुणीतरी फावड्याने खड्डा बुजवायला घेतला.

"थांबा," मापोलोको म्हणाली.

ती घरात गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. आत सेखोबेचं ब्लँकेट होतं, घड्यांवर विरलेलं. ते तिने खड्ड्यात ठेवलं, उगवतीकडे. मूठभर ज्वारी सोडली.

"अगं, काय करतेस?" मानेओ पुढे झाली. "जित्या माणसाला पुरतेस? माझा भाऊ आहे तिकडं!"

"नाही तो, मानेओ."

"तुला काय माहीत?"

मापोलोकोने मोखेथीकडे पाहिलं. तो कुंपणाच्या कोरफडीशी उभा होता. "कालच्या रात्री बर्फाचा वारा होता," ती म्हणाली. "ह्याच्या घराचं दार बघितलंस? उघडं होतं. दरवर्षी असतं. आपण सगळ्यांनी बघितलंय, मानेओ. आपण म्हणालो, चोराचं मन. काय होतं ते कुणी विचारलं नाही."

मानेओने मोखेथीकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं. मग खड्ड्याकाठी बसली. भावाला परक्या बाईच्या घरात का होईना, पण तिनेच इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं. तिने हाताने माती लोटली. दुसरी मूठ मापोलोकोने लोटली.

नंतर मानेओच म्हणाली, "वस्तरा आण."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की घरातले सगळे डोकं भादरतात, बाई असो, बाप्या असो. नवे केस येतात तेव्हा दुःख जरा जुनं होतं. अंगणात ओळ बसली. मापोलोको पहिली, मग चुलत दीर, त्यांची पोरं. निरोप मिळताच मासेरूहून पोलोको निघाली होती. मानेओ एकेकाच्या डोक्यावर पाणी लावून वस्तरा फिरवत होती.

मोखेथी त्या घरचा नव्हता. तो बराच वेळ कोरफडीशी उभा राहिला. मग आला आणि काही न बोलता ओळीच्या शेवटी बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मानेओ त्याच्यापाशी पोहोचली आणि थांबली. वस्तरा हातात.

तिने ओला तळहात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याची मान हळूच खाली वाकवली.

लाल मातीवर पांढरे केस पडत गेले. मागे घराचं दार वाऱ्याने आपटत होतं, तशी मापोलोको उठली, भादरलेल्या डोक्याने, आणि दार सताड उघडं करून त्याला एक दगड लावून आली.